दोन कुलुपांतली गाडी

कुवेतमध्ये चोरीला गेलेल्या गोष्टींचे किस्से मी पुष्कळ ऐकलेत. एसीचे कॉम्प्रेसर गेले, तांब्याची वायर गेली, जलीबमध्ये तर एकाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गेली, तीही भरलेली, आणि नेणाऱ्याने जिन्यात थेंबभर पाणी सांडलं नाही म्हणतात. पण डांबराच्या गोळ्या चोरणारा माणूस मला त्या हिवाळ्यात पहिल्यांदा भेटला. भेटला म्हणजे भेटला नाही, हीच तर तक्रार होती. कपड्यांच्या कपाटात टाकतात तसल्या बशीभर पांढऱ्या गोळ्या बंद गाडीतून नाहीशा झाल्या आणि बाकी सगळं जागच्या जागी. स्टीअरिंग होतं, आरसे होते, जुना रेडिओ होता. जो चोर रेडिओ सोडून डांबरगोळी नेतो त्याच्या मनात पुढे काय काय असेल, या विचाराने माझं जेवण निम्म्यावर आलं. निम्मं म्हणजे चार पोळ्या.

गाडीबद्दल आधी सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की एखाद्या साध्या डब्यासाठी हा माणूस एवढा जीव टाकतोय. साठच्या दशकातली अमेरिकन गाडी. फिकट हिरवी, मागे माशासारखे दोन पंख, पुढे क्रोमची दातवाली जाळी. लांबी अशी की पुढचे दिवे फहाहीलच्या सिग्नलला थांबले तरी मागचे दिवे अजून मंगफच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेले असतात. आणली त्या दिवशी समोरच्या शेठची मुलगी, तेव्हा असेल नऊ-दहा वर्षांची, मागच्या सीटवर खेळता खेळता झोपली. सगळी इमारत तिला दुपारभर शोधत होती. गाडीत आम्ही दोनदा डोकावलो, पण त्या सीटचा दुसरा कोपरा गाठायला तिसरी फेरी मारावी लागली.

हे शेठ म्हणजे माझे समोरच्या फ्लॅटमधले शेजारी. मूळचे रायगडच्या किनाऱ्यावरचे कोकणी मुसलमान. फहाहीलच्या बाजारात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. मी नाशिकचा, पेट्रोकेमिकल प्लँटमध्ये पंप आणि कॉम्प्रेसर सांभाळतो. त्यांच्या दुकानात येणाऱ्या एका म्हाताऱ्या कुवेतीने गाडी काढायची म्हटल्यावर आम्ही दोघांनी ती निम्मी-निम्मी घेतली. इंजिन मला कळतं आणि मागे ऐसपैस बसणं त्यांना, म्हणून पुढची अर्धी माझी आणि मागची त्यांची असं आम्ही थट्टेत म्हणायचो. ही थट्टा दोन्ही घरांतल्या बायकाही ऐकत होत्या, याकडे आमचं लक्ष नव्हतं.

तर, त्या मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीचं लग्न ठरलं. फेब्रुवारीच्या अखेरीस, म्हणजे हिवाळा संपता संपता. मुलाकडचे मूळ रत्नागिरीचे, राहायला कुवेत शहरात. माणसं चांगली, पण मुलाच्या आईच्या नाकाची सगळीकडे ख्याती. साखरपुड्याला बिर्याणीच्या डेगचीचं झाकण उघडायच्या आधीच, बारा पावलं लांबून, त्यांनी सांगितलं होतं की मसाल्यात दालचिनी कालची आहे. शेठ त्या नाकाला इन्कम टॅक्सवाल्यांपेक्षा जास्त घाबरायचे; कुवेतमध्ये तसा इन्कम टॅक्स नाही, पण तुम्हाला अंदाज यावा म्हणून सांगितलं.

मुलगी इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीतून येतं. बापाने विचारलं, लग्नाला काय पाहिजे. दागिने नाही, काही नाही. म्हणाली, "हॉलवर मी आपल्या गाडीतून जाणार. लिमो-बिमो नको, बाबा." मग माझ्याकडे वळली. "अंकल, ओन्ली वन थिंग. तिला बेसमेंटचा वास नको यायला. प्लीज."

शेठनी मुलीला शब्द दिला आणि मी शेठना. गाडी चालू पाहिजे आणि गाडीला वास नको. एवढंच. पण एवढंच हे हिवाळ्यात फार असतं.

भारतातल्या लोकांना वाटतं की कुवेत म्हणजे वाळवंट, तिथे दमटपणा कुठला. त्यांना डिसेंबरात आमच्या मंगफला आणून उभं करायला पाहिजे. समुद्रावरून असं धुकं येतं की माणूस हात पुढे करतो आणि बोटांना शेकहँड भलताच कोणीतरी करतो. भिंतींना घाम फुटतो. मिठाची बाटली उलटी करून बुक्क्या माराव्या लागतात. पापड तळायच्या आधीच मऊ पडलेला असतो, आणि एक पाऊस आला की सरदाबात, म्हणजे आमच्या इमारतीच्या तळघरात, घोट्याएवढं पाणी. उघड्यावर ठेवावी तर समुद्राचं खारं वारं पत्रा खाणार, खाली ठेवावी तर ओल खाणार. शेवटी सरदाबातला सगळ्यात उंच कोपरा धरला. तिथे पाणी चढायला अख्खं आखात आत यावं लागलं असतं.

आणि मग मी माझी विद्या बाहेर काढली. प्लँटमध्ये एखादा पंप सहा महिने बंद ठेवायचा तर तो असाच सोडत नाहीत, त्याचं जतन करतात. तसंच केलं. खालून गोड्या पाण्याने मीठ धुतलं, पंख्याने वाळवलं. पेट्रोलची टाकी गळ्यापर्यंत भरली, म्हणजे आत हवा नको आणि हवेतून सुटणारं पाणी नको. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर चढवली, चाकं अधांतरी. सायलेन्सरच्या तोंडात बोळा, उंदरांसाठी. बॅटरी काढून शेठच्या घरी. आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या. त्या कुठून आणल्या विचारू नका. विकत आणल्या असं मी इथे लिहितो आहे. वासासाठी पुढच्या सीटवर बशीत डांबरगोळ्या. आणि डॅशबोर्डवर काचेच्या बाटलीत थोडी निळी जेल. ही माझी पहारेकरीण. कोरडं असेल तोवर निळी, ओल शिरली की गुलाबी. वरून सुती आच्छादन, प्लास्टिक नाही, कारण प्लास्टिकखाली लोखंडाला घाम येतो.

राहिलं कुलूप. दारांच्या हँडलांतून आणि डिकीच्या हँडलातून एक साखळी फिरवली, कारण डिकीचं मूळ कुलूप आम्ही घेतली तेव्हाच गेलेलं होतं. आणि साखळीला प्लँटची रीत लावली. आमच्याकडे बंद यंत्रावर एक लाल कडी असते, तिला सहा भोकं. जो जो त्या यंत्राशी संबंधित, तो आपलं कुलूप आपल्या भोकात लावतो. सगळ्यांची कुलुपं निघाल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. तशी कडी आणली, एका भोकात माझं कुलूप, दुसऱ्यात शेठचं.

शेठनी कडीकडे बराच वेळ बघितलं. "म्हंजे तुमचा माज्यावर विश्वास नाय."

"तसं नाही हो शेठ. ही पद्धत आहे."

"आमच्यात विश्वास नसला की कुलूप लावतात. तुमच्यात पद्धत म्हणतात." असं म्हणून त्यांनी माझ्याहून मोठं कुलूप आणून लावलं.

पहिला महिना बाटली निळीशार. मी रविवारी कामावरून आलो की खाली जायचो, पुढच्या काचेवरचं आच्छादन जरा उचलून बाटली पाहायचो आणि वर येऊन बायकोला निकाल सांगायचो. ती म्हणायची, "म्हणजे आत अगदी कोरडं आहे?" मी म्हणायचो, "सगळ्या मंगफमध्ये एवढी कोरडी जागा दुसरी नाही. आत पापड वाळत घालावेत इतकी." हे वाक्य मी बोललो होतो याची मला नंतर आठवण करून देण्यात आली.

जानेवारीत बाटली गुलाबी झाली. नुसती गुलाबी नाही, लग्नातल्या फेट्यासारखी. मी म्हटलं, कुठूनतरी हवा शिरतेय. दारांचे रबर तपासले, ठीक होते. मग पाहिलं तर बशी रिकामी. डांबरगोळ्या गेल्या. मग पाहिलं तर कडीतली कुलुपं: माझं नेहमी डावीकडे, शेठचं उजवीकडे. आता माझं उजवीकडे.

आता बघा. दोन कुलुपं, दोन किल्ल्या, दोन घरं. एकट्याने उघडता येत नाही. म्हणजे एक तर शेठनी माझी किल्ली पळवून नक्कल केली, किंवा कोणीतरी दोघांनाही फसवलं. तिसरी शक्यता माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाच्या डोक्यात आली नाही.

पहिला संशय हारिसवर, म्हणजे आमच्या इमारतीच्या राखणदारावर. मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, दहा वर्षं त्याच खुर्चीत, आणि दहा वर्षं काटकुळा. जानेवारीत बघतो तर गाल वर आलेले. मी त्याला विचारलं, खाली कोणी येतं का. तो म्हणाला, "मा फी, मुहंदिस. कोई नहीं. वल्ला कोई नहीं." मुहंदिस म्हणजे इंजिनियर, म्हणजे मी. नाही म्हणायला एक नाही पुरतं, ह्याने तीन सांगितली आणि वर शपथ. आणि तोंडाला वास कसला तर तळलेल्या लसणाचा आणि आगरी मसाल्याचा. मिसरी माणसाच्या तोंडाला आगरी मसाला? मी मनात नोंद केली.

मग मांजरं. कुवेतच्या गल्लीतल्या मांजरांचं काय सांगावं, कचऱ्याच्या डब्यांवर त्यांचीच मालकी. पण ती सरदाबात उतरत नसत. आता एके दिवशी खाली गेलो तर गाडीभोवती गोल करून बसलेली. पिवळी, काळी, एक कान फाटलेला बोका मध्यभागी मौलवीसारखा, आणि सगळ्यांची तोंडं डिकीकडे. मी हुसकावलं तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच उशिरा आलो आणि मागे बसायला पाहिजे. माझा अंदाज, फहाहीलपर्यंतची झाडून सगळी मांजरं होती. चाळीस तरी. बरं, वीस. पण वीसही कमी नाहीत.

बंद डिकी, आत काहीतरी, राखणदार गप्प. दारूबंदीच्या या देशात बाटली हा शब्द दबक्या आवाजात बोलतात. कोणीतरी आमच्या गाडीचं कोठार केलं असेल आणि पोलिसांनी उघडलं तर गाडी कोणाच्या नावावर? माझ्या. मी नाशिकला परत गेल्याचं, आणि ते स्वतःच्या तिकिटावर नाही, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. विमानतळावर घ्यायला सासरे आलेले. पुढचं मी बघितलं नाही.

पण कडीचं गणित शेठकडेच बोट दाखवत होतं. मग मी सापळा लावला. बायकोच्या डब्यातली रांगोळी घेतली, पिठाच्या चाळणीतून गाडीभोवती अशी बारीक चाळली की मुंगी गेली तरी तिचं कूळ कळावं. दुसऱ्या दिवशी कामावरून थेट खाली. मांजरांच्या पंजांनी तर गालिचा विणला होता. पण त्यात माणसाचे पाय. चपला. लहान मापाच्या. दोन जोड, पण दुसऱ्याकडे मी फार लक्ष दिलं नाही, कारण शेठचे पाय लहान आहेत. अंगाने माणूस दारात मावत नाही आणि पाय मात्र शाळेतल्या मुलासारखे.

पुरावा पक्का करायचा म्हणून मी वर गेलो, त्यांच्या दारासमोरच्या रॅकवरून त्यांची एक चप्पल उचलली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्टचं दार उघडलं. आत शेठ.

"काय इंजिनेर, मासळी का?"

"नाही, हे... जुनं काही."

"माज्या चपलेसारखं जुनं दिसतंय." वर्तमानपत्रातून अंगठा बाहेर आला होता. चपलेचा.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "शेठ, स्पष्ट विचारतो. तुम्ही गाडी उघडता?"

त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं पकडला. पण ते म्हणाले, "मी? मी तुम्हाला विचारणार होतो. मी माज्या कुलपाला मागून दोरा बांधला होता. गेल्या जुम्म्याला बघतो तर तुटलेला. मी बोललो नाय, कारण शेजारी आहात. मग म्हटलं, इंजिनेर सारखा खाली जातो, बाटली बघायला म्हणे. बाटली कसली बघतो माणूस?"

"तुम्ही दोरा बांधला? माझ्यावर पहारा?"

"नाय नाय. पद्धत आहे ती."

त्यानंतर जे झालं ते भांडण म्हणता येणार नाही, कारण आवाज कोणी चढवला नाही. ते फक्त म्हणाले की बॅटरी त्यांच्याकडे आहे आणि तिच्याशिवाय माझी अर्धी गाडी म्हणजे लोखंडी पलंग आहे. मी म्हटलं की इंजिनाशिवाय त्यांची अर्धी म्हणजे सोफा. ते म्हणाले, सोफ्यावर मुलीला पाठवता येत नाही, मी लिमो बघतो. आणि चप्पल पायात घालून घरात गेले. एक पाय चपलेत, दुसरा मोज्यात.

ते खरं खटकलं. गाडी गंजली तर रंग देता येतो. पण शेठ लिमो सांगून बसले असते तर त्या मुलीला कोण काय सांगणार होतं? संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "अंकल, बाबा म्हणतात कार नाही. व्हॉट हॅपन्ड?" मी म्हटलं, "टेस्टिंग चालू आहे." तिने माझ्याकडे असं बघितलं की बशीतल्या डांबरगोळ्या मीच खाल्ल्या.

शेवटी मीच शेठच्या दारात उभा राहिलो. म्हटलं, लग्नाला आठवडा राहिलाय. शुक्रवारी तुमची नमाज झाली की दोघं मिळून उघडू. तुमची किल्ली तुम्ही फिरवा, माझी मी. आत जे काय असेल ते दोघांनी बघायचं. त्यांनी विचार केला आणि "चालेल" म्हणाले. लिमोवाल्याला सांगितलं का, असं मी विचारलं नाही.

शुक्रवारी मी किल्ली घ्यायला गेलो तर बायको दारात आडवी. "आज नको. आज अमावस्या आहे."

"अमावस्या गेली."

"मग आज वारा आहे, धूळ आत जाईल."

ज्या बाईने लग्नानंतर आजवर मला अमावस्येला दाढी करू दिली ती आज तिथी काढतेय, हे मला खटकायला हवं होतं. समोरच्या दारातून भाभींचा, म्हणजे शेठच्या बायकोचा आवाज येत होता, "अहो, जेवून तरी जा. सांदणं केलीत गरम." शेठ सांदणं सोडून खाली उतरले. एवढा त्यांचा संशय पक्का.

हारिस आम्हाला बघताच खुर्चीतून उठला आणि त्याला एकदम बाहेर काम निघालं. मांजरं मात्र हलली नाहीत. आम्ही किल्ल्या फिरवल्या. साखळी खळखळत खाली पडली. शेठ म्हणाले, "डिकी माझी, मी उघडतो." उघडली.

मी अनेक वास घेतले आहेत. प्लँटमध्ये गॅसची गळती झाली की ती मी वाऱ्याची दिशा बघून ओळखतो. पण हा वास उभा राहिला, त्याने आमच्याशी हात मिळवला आणि बाजूला होऊन मांजरांना वाट दिली. डिकीत डबे होते. तेलाचे रिकामे डबे, दुधाच्या पावडरीचे डबे, मलमलच्या पुरचुंड्या. सुकट. बोंबील. आणि सोडे, सुकवलेली सोललेली कोळंबी, सोनेरी, कडक, पिशव्याच्या पिशव्या. गावच्या किनाऱ्यावरून पाहुण्यांच्या बॅगांतून आलेलं, लग्नाच्या जेवणासाठी. आणि मधोमध माझ्या सिलिका जेलची एक पिशवी उशीसारखी.

मी मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर इस्त्री केलेलं माझं लुंगीचं कापड, त्यावर नाशिकचे पापड, कुरडया, सांडगे, ओळीने. सीटच्या पाठीला टेकवून एक सूप. माझ्या घरात मासळी शिजत नाही. बायको मासळीबाजाराच्या बाजूने रस्ता ओलांडत नाही. आणि तिच्या कुरडयांपासून वीतभर अंतरावर, सीटच्या पाठीमागे, अख्खा रायगडचा किनारा पसरला होता.

मागून चपलांचा आवाज आला. लहान मापाच्या, दोन जोड.

भाभी पदर सावरत म्हणाल्या, "बघितलंत? आता बंद करा लौकर, हवा लागते."

शेठनी डिकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "किल्ल्या?"

"तुम्ही काय किल्ली कामावर नेता?" माझी बायको म्हणाली. "किल्ली खुंटीवर असते. शेठभाऊंची टीव्हीवर. दुपारी तुम्ही दोघं कामावर. घरात ओल, फ्रीज भरलेला, पापड चिंध्यांसारखे झालेले. आणि तुम्हीच म्हणालात ना, सगळ्या मंगफमध्ये एवढी कोरडी जागा नाही."

"आणि माझ्या गोळ्या?"

"सोड्यांना डांबराचा वास लागेल, म्हणून काढल्या," भाभी म्हणाल्या. "तुमच्याच कपाटात टाकल्यात ताईंनी. सूटमध्ये."

"आणि हारिस?"

"त्याला रोज ताटभर द्यावं लागतं," माझी बायको म्हणाली, "नाहीतर सांगेन म्हणायचा."

शेठ हळूच, माझ्या बायकोकडे न बघता म्हणाले, "पण डिकी माझी, सीट पण माझीच. ताई, कुरडया माझ्या सीटवर कशा?"

"भाभींनी दिली," ती म्हणाली. "डिकी त्यांची, सीट माझी. आमची निम्मी-निम्मी आहे."

डबे बाहेर आले, मांजरांनी लिफ्टपर्यंत मिरवणूक काढली. वास मात्र गाडीतून निघाला नाही. मी गाडी वर काढून दिवसभर उन्हात सगळी दारं उघडी ठेवली. व्हिनेगरने पुसली. कॉफीची पूड ठेवली. लिंबू, कोळसा, खायचा सोडा. प्रत्येक उपायाचा वास यायचा आणि त्याच्या खाली, हाताची घडी घालून, शांतपणे सोडे बसलेले. शेवटी इमारतीच्या मालकाच्या आईने बखूर पाठवला, कुवेती घरांत निखाऱ्यावर जाळतात तो उदाचा धूर. आम्ही काचा बंद करून गाडीला धुरी दिली. आता वास असा येत होता की कोणीतरी श्रीमंत माणूस सोडे खाऊन नमाजाला निघालाय.

एक मात्र कबूल करावं लागेल, इंजिन तिसऱ्या फिरकीला लागलं. पत्र्यावर गंजाचा ठिपका नाही. मी म्हटलं, माझं जतन. बायको म्हणाली, आम्ही रोज दारं उघडून वारा दिला म्हणून. भाभी म्हणाल्या, मिठातली मासळी ओल ओढून घेते. शेठ म्हणाले, बॅटरी मी सांभाळली. यावर आजतागायत निकाल लागलेला नाही.

लग्नाचा दिवस. मुलीने गाडीत बसताना एकच श्वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. आरशातून मी दुसरीकडे पाहिलं. इतक्यात, लग्नाचं सामान घेऊन आलेल्या मुलाच्या आई, त्याच नाकवाल्या, म्हणाल्या, "मी पण ह्याच गाडीतून येते, सुनेबरोबर." शेठ पुढे माझ्या शेजारी. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर. तो हात गुडघ्यावर नाही, गुडघ्याच्या आत होता असं मला वाटलं. मागे भाभी, मध्ये नवरी, पलीकडे ते नाक.

मंगफच्या गल्लीतून मुख्य रस्त्याला लागलो. आरशात पाहिलं: नाकपुडी एकदा हलली. पुन्हा हलली. मग त्या बाईंनी मान जरा वळवली, सीटच्या पाठीच्या शिवणीजवळ नेली आणि डोळे मिटले. शेठनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण मी चालवत होतो.

"भाभी," त्या म्हणाल्या, अगदी हळू, "हे सोडे कुठल्या बाजूचे?"

भाभी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्याच गावचे."

"वाटलंच. आमच्याकडे एवढे गोड मिळत नाहीत. इथल्या दुकानातले तर नुसता भुसा." थोडं थांबून, "शिल्लक आहेत का?"

नवरीने ओढणी तोंडावर घेतली. खांदे हलत होते. भाभींना वाटलं रडतेय, त्या तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मला आरशात डोळे दिसत होते, म्हणून सांगतो, रडत नव्हती. हॉलच्या दारात उतरताना माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अंकल, बेसमेंटचा वास नाही आला. थँक यू." मग सासूच्या मागे गेली. संध्याकाळी तिच्या सामानाबरोबर भाभींनी दोन डबे ठेवले, आणि माझ्या बायकोने वर एक पिशवी कुरडया.

पुढच्या डिसेंबरात गाडी पुन्हा सरदाबात उतरवली. तेच घोडे, तीच जेल, तीच बाटली. कडी लावताना मी म्हटलं, भोकं सहा आहेत, या वेळी बायकांनीही आपापलं कुलूप लावायचं, म्हणजे पद्धत पूर्ण होते. त्यांनी लावली. चार कुलुपं, चार किल्ल्या. चौघांतला एक जरी नसला तरी उघडता येत नाही, असं मी सगळ्यांना समजावून सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. शेठनी जरा जास्तच हलवली.

परवा खाली गेलो होतो. फाटक्या कानाचा बोका डिकीसमोर एकटाच बसला होता. हारिसच्या पोटावरची बटणं ताणलेली. आच्छादन उचलून पाहिलं. बाटली गुलाबी आहे.